ताबा मान्य न करण्याचं मोल

युक्रेनचा विषय निघाला की पुण्यातल्या गप्पांत हल्ली एक वाक्य हमखास येतं. 'जेवढं गेलं तेवढं गेलं, आता सह्या करा आणि मोकळे व्हा.' तळजाईवर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या घोळक्यात ते येतं, व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत येतं, कट्ट्यावर येतं. बोलणारे युद्धखोर नसतात. रोजची मरणं थांबावीत एवढीच त्यांची कळकळ असते, आणि ती खरी असते. म्हणूनच या वाक्याचं उत्तर नीट द्यायला हवं. माझं म्हणणं असं: गोळीबार थांबवण्यासाठी सही करावी, कैदी सोडवण्यासाठी करावी, धान्याची जहाजं बंदरातून सुटावीत म्हणून करावी. पण 'ही जमीन आता तुमची' या ओळीखाली सही करू नये, आणि तिसऱ्या देशांनी तर मुळीच करू नये. परक्या फौजेचा ताबा वाटाघाटींनी उठल्याची जी मोठी उदाहरणं गेल्या काही दशकांत दिसतात, त्यांत ही एक सही कुणीतरी वर्षानुवर्षं चिकाटीने रोखून धरलेली होती.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही दुकानात भारताचा कोरा नकाशा मागा. भूगोलाच्या वहीत चिकटवायला मुलं गठ्ठ्याने नेतात तोच, पातळ कागदावरचा, निळसर शाईतला. त्यात देशाचा माथा पूर्ण असतो: गिलगिट, बाल्टिस्तान, मुझफ्फराबाद आणि पूर्वेकडे अक्साई चीन. यातल्या एकाही ठिकाणी आज आपला शिपाई उभा नाही. अक्साई चीनचा सुमारे ३८,००० चौरस किलोमीटर प्रदेश चीनच्या हातात आहे. शक्सगाम खोऱ्यातला ५,००० चौरस किलोमीटरहून मोठा भाग पाकिस्तानने १९६३ साली चीनला देऊन टाकला, आणि तो करार भारताने आजवर मानलेला नाही. २२ फेब्रुवारी १९९४ रोजी संसदेने, पाकिस्तानने बळकावलेला काश्मीरचा भाग त्याने रिकामा करावा, असा ठराव एकमताने केला. पाचवीतल्या मुलाला तो माथा आपण काळजीपूर्वक रंगवायला लावतो. 'जेवढं गेलं तेवढं गेलं' हे तत्त्व स्वतःला लावायला आपण कुणीच तयार नाही, आणि ते बरोबरच आहे. मग दुसऱ्याच्या बाबतीत ते इतक्या सहज तोंडी कसं येतं?

जमिनीच्या दाव्यांत आपल्याकडे बारा वर्षांच्या कब्जाचा युक्तिवाद चालतो. मालक गाफील राहिला, शेजाऱ्याने बांध कोरून बारा वर्षं उघडपणे पीक घेतलं, तर मालकाचा हक्क बुडू शकतो. देशांच्या बाबतीत मात्र १९४५ नंतरच्या जगाने बळाने घेतलेल्या भूमीला हा नियम लावायचं मुद्दाम नाकारलं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा तो गाभा आहे. रणगाडा किती वर्षं उभा आहे यावरून मालकी ठरू लागली, तर ज्याच्याकडे थांबायची ताकद आहे त्याने फक्त थांबायचं. ताबा मान्य न करणं म्हणजे मालक जागा आहे याची नोंद दरवर्षी नव्याने करत राहणं.

या नोंदीने काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी बाल्टिक देशांचं उदाहरण आहे. १९४० च्या उन्हाळ्यात सोव्हिएत फौजा लिथुआनिया, लॅटव्हिया आणि एस्टोनियात शिरल्या आणि तिन्ही देश सोव्हिएत संघात ओढले गेले. २३ जुलैला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातर्फे समनर वेल्स यांनी एक छोटं निवेदन काढलं: हे आम्ही मानत नाही. त्या निवेदनाने एकही रणगाडा हलला नाही. पुढच्याच वर्षी हिटलरविरुद्ध अमेरिका आणि सोव्हिएत संघ एका बाजूला आले, तरी ते मागे घेतलं गेलं नाही. शीतयुद्धात इतके तह झाले, तरी नाही. अमेरिकेत या देशांच्या वकिलाती चालूच राहिल्या. मागे सरकार उरलेलं नाही, नकाशावर नाव उरलेलं नाही, पण दारावर पाटी आहे आणि आत माणूस बसलेला आहे. पन्नास वर्षं. १९९१ साली हे देश मोकळे झाले तेव्हा त्यांना नव्याने जन्म घ्यावा लागला नाही, थांबलेला कारभार त्यांनी पुढे सुरू केला. रशियन फौजेच्या माघारीची बोलणीही त्यामुळे 'आमच्या देशात असलेली परकी फौज' या पायावर झाली. लिथुआनियातून ती ऑगस्ट १९९३ अखेर गेली, उरलेल्या दोन्ही देशांतून ऑगस्ट १९९४ अखेर.

नामिबियाबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं. आपल्याकडे त्याची आठवण कुणी काढत नाही, आणि वाटाघाटी म्हणजे काय हे शिकायचं तर त्यासारखा दुसरा धडा नाही. जर्मनांची ही वसाहत पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने दक्षिण आफ्रिकेला सांभाळायला दिली आणि सांभाळणाऱ्याने ती गिळली. १९६६ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दक्षिण आफ्रिकेचा अधिकारच रद्द केला. २१ जून १९७१ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं, की दक्षिण आफ्रिकेचं तिथे असणंच बेकायदेशीर आहे, तिने निघून जावं, आणि इतर देशांनी तिचा तिथला कारभार कायदेशीर ठरेल असं काहीही करू नये. प्रिटोरियाने, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने, ते मत धुडकावलं. अगदी आजच्यासारखंच. 'न्यायालयाला कोण विचारतो' असं तेव्हाही लोक म्हणालेच असतील.

पण कागदाच्या आधाराने काय काय उभं राहिलं ते पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या नामिबिया परिषदेने निर्वासित नामिबियन लोकांना प्रवासाची कागदपत्रं द्यायला सुरुवात केली. ज्या देशाचं सरकारच नाही, त्याच्या नावाने माणूस विमानात बसू लागला. १९७४ मध्ये परिषदेने हुकूम काढला, की आमच्या परवानगीशिवाय नामिबियातली खनिजं बाहेर नेणं बेकायदेशीर आहे. तिथलं युरेनियम विकत घेणाऱ्यांच्या मानेवर तो हुकूम टांगता राहिला. १९७६ मध्ये झांबियाची राजधानी लुसाका इथे नामिबियासाठी एक संस्था सुरू झाली. उद्या देश हातात आला तर मामलेदार कोण, शिक्षणाधिकारी कोण, हिशेब तपासणारा कोण, याची तयारी तिथल्या वर्गांत चालली होती. देश हातात यायला अजून चौदा वर्षं होती! त्या संस्थेचे प्रमुख हागे गाइंगोब १९९० साली स्वतंत्र नामिबियाचे पहिले पंतप्रधान झाले, आणि पुढे राष्ट्राध्यक्षही.

सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक ४३५ आला २९ सप्टेंबर १९७८ रोजी. युद्धबंदी, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणूक, दक्षिण आफ्रिकेच्या फौजेची माघार. सगळं त्यात लिहिलेलं होतं. अंमलात यायला दहा वर्षं लागली. मध्येच अमेरिकेने अट घातली, की शेजारच्या अंगोलातून क्यूबाचं सैन्य निघालं तरच. या अटीने कित्येक वर्षं आणि कित्येक जीव खाल्ले, हे विसरता कामा नये. १९८७-८८ मध्ये अंगोलात क्वितो क्वानाव्हालेची लढाई झाली, दक्षिण आफ्रिकेला युद्धाचा खर्च जड जाऊ लागला, मॉस्कोतलं वारं बदललं, आणि २२ डिसेंबर १९८८ रोजी न्यूयॉर्कमध्ये अंगोला, क्यूबा आणि दक्षिण आफ्रिका यांनी सह्या केल्या. आता यात मुत्सद्देगिरीचं काम काय, ते तर रणांगणावर झालं, असं कुणी म्हणेल. रणांगणाने प्रिटोरियाला टेबलापाशी आणलं, हे खरं. पण टेबलावर जो मसुदा होता तो दहा वर्षांपूर्वीचाच होता. कुणाचा तरी धीर सुटून मधल्या काळात 'चला, अर्धा देश तुमचा' असं लिहून दिलं गेलं असतं, तर प्रिटोरियाचा हात ढिला झाला त्या दिवशी अंमलात आणायला काही उरलंच नसतं.

अंमलबजावणीही सुखाची नव्हती. न्यूयॉर्कच्या सह्यांत नामिबियाची स्वापो ही संघटना नव्हती. जिच्या देशाचा सौदा चालला होता तीच टेबलावर नाही. १ एप्रिल १९८९ ला युद्धबंदी सुरू व्हायची त्याच दिवशी स्वापोचे लढवय्ये सीमा ओलांडून आत आले आणि पुढच्या काही दिवसांत त्यांचे शेकडो लोक मारले गेले. संयुक्त राष्ट्रांची मोहीम पहिल्याच आठवड्यात कोसळते की काय, अशी वेळ आली. ती सावरली गेली. या मोहिमेचे राजकीय प्रमुख फिनलंडचे मार्टी आहतिसारी होते आणि फौजेचे सेनापती होते आपले लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेम चंद. नोव्हेंबरमध्ये मतदान झालं. ९७ टक्के लोक मतदानाला आले. २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला. वाल्विस बे हे त्याचं मोठं बंदर तेवढं दक्षिण आफ्रिकेने ठेवून घेतलं होतं. तेही बोलणी करून १९९४ साली परत आलं.

पूर्व तिमोरच्या वेळी आपण कुठे होतो हे सांगताना मला वाईट वाटतं, पण सांगायला हवं. ७ डिसेंबर १९७५ रोजी इंडोनेशियाची फौज त्या चिमुकल्या पोर्तुगीज वसाहतीत उतरली. पाच दिवसांनी आमसभेने माघारीची मागणी करणारा ठराव केला. त्याच्या विरोधात अवघी दहा मतं पडली आणि त्यांत एक मत भारताचं होतं. जकार्ताशी अलिप्ततावादी चळवळीतली जुनी मैत्री, पोर्तुगालवरचा राग, व्यवहारी हिशेब, जे काही असेल ते. ऑस्ट्रेलियाने तर पुढे हे विलीनीकरण रीतसर मान्य केलं आणि १९८९ साली इंडोनेशियाबरोबर समुद्राखालच्या तेलाच्या वाटणीचा करारही केला. शहाणे लोक म्हणत, तिमोरचा प्रश्न संपला. संयुक्त राष्ट्रांनी मात्र ते नाव आपल्या परतंत्र प्रदेशांच्या यादीतून खोडलं नाही. १९९१ मध्ये सांताक्रूझच्या दफनभूमीत शोकयात्रेवर गोळ्या चालल्या, १९९६ मध्ये तिमोरचे बिशप बेलो आणि रामोस-होर्ता यांना नोबेल मिळालं, १९९८ मध्ये आर्थिक संकटात इंडोनेशियाचे हुकूमशहा सुहार्तो पडले, आणि ५ मे १९९९ रोजी इंडोनेशिया व पोर्तुगाल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या साक्षीने सार्वमताचा करार केला. ३० ऑगस्टला ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला मत दिलं. जाता जाता इंडोनेशियाच्या पाठिंब्यावरच्या टोळ्यांनी देश जाळला. त्या आधी सुरक्षेची व्यवस्था मारेकऱ्यांच्याच हाती सोपवायची चूक या करारात झाली होती. पण चोवीस वर्षांनी तो देश उभा राहिला, कारण यादीत त्याचं नाव होतं.

आता जिथे वाटाघाटी फसल्या तिथे पाहू. १३ सप्टेंबर १९९३ ला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे राबिन आणि पॅलेस्टिनींचे अराफात यांचे हात मिळाले तेव्हा जगभर लोकांचे डोळे ओले झाले होते. ऑस्लो करारात पाच वर्षांची मधली व्यवस्था होती. शेवटी ताबा कुठून, किती आणि कधी उठणार, हे मात्र नव्हतं. सीमा, वसाहती, जेरुसलेम, निर्वासित, सगळं 'नंतर'. तेव्हा पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकमध्ये सुमारे १,१०,००० इस्रायली वसाहतकरी होते. आज ते पाच लाखांच्या पुढे आहेत. बोलणी चालू राहिली आणि ज्याविषयी बोलायचं ती जमीनच पायाखालून जात राहिली. याच इस्रायलने इजिप्तशी १९७९ साली तह केला तेव्हा सिनाईतून माघारीच्या टप्प्यांना तारखा होत्या, आणि २५ एप्रिल १९८२ रोजी ती पूर्ण झाली. ताबा नावाची हॉटेलएवढी एक पट्टी वादात राहिली. ती लवादाकडे गेली आणि १९८९ मध्ये इजिप्तला मिळाली. अफगाणिस्तानच्या जिनिव्हा करारातही, १४ एप्रिल १९८८, तारखा होत्या: १५ मेपासून सुरुवात, तीन महिन्यांत निम्मी फौज बाहेर, नऊ महिन्यांत सगळी. १५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटची सोव्हिएत तुकडी पूल ओलांडून गेली. अफगाणांची आपसातली लढाई त्यानंतरही थांबली नाही, कारण लढणारे मुजाहिदीन त्या करारात नव्हतेच. पण परकी फौज गेली, ठरल्या दिवशी गेली.

मोरोक्कोने बळकावलेल्या पश्चिम सहारात १९९१ साली युद्धबंदी झाली आणि पुढच्या जानेवारीत सार्वमत व्हायचं होतं. ते अजून व्हायचंय. मोरोक्कोने वाळवंटात उभारलेली सुमारे २,७०० किलोमीटरची वाळूची भिंत मात्र तशीच आहे आणि अल्जीरियातल्या तिंदूफच्या छावण्यांत लोकांच्या पिढ्या वाढल्या. भारताने त्यांच्या प्रजासत्ताकाला १९८५ मध्ये मान्यता दिली होती. २००० मध्ये ती काढून घेतली.

पूर्व युक्रेनमधली लढाई थांबवण्यासाठी झालेल्या मिन्स्क करारांचंही हेच झालं. फेब्रुवारी २०१५ च्या दुसऱ्या करारात सीमेचा ताबा त्या वर्षाअखेर युक्रेनकडे यायचा होता, पण आधी निवडणुका, आधी स्वायत्तता, आधी हे, आधी ते. आणि ज्याची शस्त्रं, माणसं आणि पैसा तिथे होता तो रशिया म्हणत राहिला, की मी पक्षकार नाही, मध्यस्थ आहे. सात वर्षांनी त्याच मध्यस्थाची फौज कीव्हच्या वेशीवर आली. आज युक्रेनची जवळपास एक पंचमांश भूमी रशियाच्या ताब्यात आहे. तारीख नसलेली आणि ताबा घेणाऱ्याला पक्षकार न ठरवणारी युद्धबंदी किती टिकते, हे ज्यांना पाहायचंय त्यांनी मिन्स्कची कलमं वाचावीत.

सगळ्यात गंभीर आक्षेप माणसांच्या जिवाचा आहे. मान्यता रोखून धरा म्हणजे लढत राहा, असाच याचा अर्थ नाही का? नाही. सायप्रस पाहा. १९७४ साली तुर्कस्तानची फौज उतरली आणि बेटाचे दोन तुकडे झाले. (तिथेही संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे सेनापती तेव्हा प्रेम चंदच होते, निकोसियाचा विमानतळ त्यांच्या माणसांनी धरून ठेवला.) त्या रेषेवर त्यानंतर मोठं युद्ध झालेलं नाही. उत्तर भागातल्या 'प्रजासत्ताका'ला तुर्कस्तानशिवाय कुणाचीही मान्यता नाही. म्हणजे बंदुका गप्प आहेत आणि सहीही दिलेली नाही. दोन्ही एकाच वेळी जमतं. प्रश्न सुटलेला नाही हे कबूल. पण किरेनियातलं घरदार गमावलेली एक सायप्रियट बाई युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली, आणि तिच्या जमिनीची मालकी अजून तिचीच आहे असं न्यायालयाने ठरवलं. तुर्कस्तानने अनेक वर्षं टाळाटाळ केली आणि २००३ साली दहा लाख युरोंहून जास्त भरपाई चुकती केली. जगाने १९७४ नंतर 'जेवढं गेलं तेवढं गेलं' म्हटलं असतं, तर तिला कोर्टाचा दरवाजा कुणी उघडला असता?

आता गोवा. हा विषय पुण्यात टाळून चालणार नाही. गोवा तर शेवटी लष्कराने घेतला, मग मुत्सद्देगिरीची थोरवी कसली, असं विचारणारे भेटतात. आणि दुसऱ्या बाजूने, 'तुम्ही गोवा घेतलात, आम्ही क्रिमिया घेतला' असं म्हणणारेही. दोघांना उत्तर एकच आहे, पण ते जरा लांबचं आहे.

२७ फेब्रुवारी १९५० रोजी भारताने पोर्तुगालला बोलणी सुरू करण्याचं पत्र दिलं. सालाझारच्या सरकारने उत्तर म्हणून पुढच्याच वर्षी राज्यघटना बदलली आणि वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' ठरवून टाकलं. म्हणजे चर्चेला विषयच नाही. १९५३ मध्ये भारताने लिस्बनची वकिलात बंद केली. पुण्यात १९५४ मध्ये गोवा विमोचन सहाय्यक समिती उभी राहिली. समाजवादी, हिंदुत्ववादी, कम्युनिस्ट, काँग्रेसवाले असे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक तिच्यात आले. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्यासह सत्याग्रही हद्द ओलांडून गेले, आणि १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडून पोर्तुगीजांनी वीसहून अधिक जणांना ठार केलं. डिसेंबर १९६० मध्ये आमसभेने पोर्तुगालच्या प्रदेशांची यादी केली आणि गोवा हा 'प्रांत' नव्हे तर परतंत्र प्रदेश असल्याचं नोंदवलं. वर्षभराने, १८ डिसेंबर १९६१ ला, भारतीय फौज आत गेली. पाश्चात्त्य देशांनी आणलेला युद्धबंदीचा ठराव सोव्हिएत संघाने नकाराधिकाराने पाडला. पण सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) हेही त्या ठरावाच्या विरोधात होते, आणि नव्याने स्वतंत्र होणाऱ्या जगाचा कल त्यांच्याकडेच होता. अकरा वर्षांच्या कागदपत्रांशिवाय ही तीन मतं पडली नसती. लष्करी कारवाई मला आवडते असं नाही. समोरचा बोलणीच नाकारत असेल तर काय होतं, याचं ते उदाहरण आहे, आणि त्याची मोठी जबाबदारी लिस्बनची.

आणि क्रिमियाशी तुलना? १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं का, हा प्रश्न होता. पुण्या-मुंबईतले बडे बडे नेते विलीनीकरणाच्या प्रचाराला उतरले होते, वर्तमानपत्रांनी रान उठवलं होतं. गोवेकरांनी १,७२,१९१ मतांनी केंद्रशासित राहणं पसंत केलं. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली. पुण्यातल्या पुष्कळांना तो निकाल झोंबला. तरी तो मानला गेला, आणि आज गोवा स्वतंत्र राज्य आहे, त्याची कोकणी त्याची राजभाषा आहे. याच्या शेजारी सप्टेंबर २०२२ ठेवा: दोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझिया, खेरसन या चार प्रांतांत रशियाने सैनिकांच्या पहाऱ्यात पाच दिवस 'सार्वमत' घेतलं आणि ३० सप्टेंबरला चारही प्रांत आपले म्हणून जाहीर केले. त्यातल्या खेरसन शहरातून सहा आठवड्यांत स्वतः रशियन फौजच मागे गेली, आणि लोक युक्रेनचे झेंडे घेऊन रस्त्यावर आले. लोकांना विरुद्ध मत देता येतं का आणि दिलेलं मत मानलं जातं का, हा फरक आहे.

गोव्याच्या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, आणि या सगळ्या चर्चेत मला त्याची फार आठवण होते. मोहन रानडे. १९५५ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती सापडले, २६ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगात ठेवलं. १९६१ च्या डिसेंबरमध्ये गोवा मुक्त झाला. रानडे आतच. पोर्तुगालशी आपले संबंध तुटलेले, बोलायला थेट कुणी नाही. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये. ज्या भूमीसाठी तुरुंगात गेले ती मोकळी होऊन सात वर्षं उलटली होती. पुढे ते पुण्यात राहिले आणि २०१९ साली पुण्यातच वारले. पोर्तुगालने भारताचं गोव्यावरचं सार्वभौमत्व मान्य करणारा तह केला तो थेट ३१ डिसेंबर १९७४ ला, लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर. ताबा मान्य न करणं आणि अबोला धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रानड्यांच्या त्या सात वर्षांकडे पाहिलं की कळतं. मान्यता रोखा, पण बोलणं तोडू नका: कैद्यांसाठी, आजारी माणसांसाठी, रशियात नेल्या गेलेल्या युक्रेनियन मुलांसाठी. त्या मुलांच्या प्रकरणातच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर वॉरंट काढलं. त्यांना घरी आणायचं तर मॉस्कोशी बोलावंच लागेल.

मग भारताचं काय? १९६१ चा तो नकाराधिकार आपण विसरलेलो नाही, विसरूही नये. त्या उपकाराची जाण आपल्या रक्तात आहे. पण मॉस्कोने तो नकाराधिकार वापरला तो परक्या सत्तेचा ताबा उठावा म्हणून, आणि त्याची परतफेड दुसरीकडे ताबा बसत असताना हात खाली ठेवून होत नाही. १२ ऑक्टोबर २०२२ ला चार प्रांतांचं विलीनीकरण अमान्य करणाऱ्या ठरावाला १४३ देशांनी पाठिंबा दिला. भारत तटस्थ राहिला. १८ सप्टेंबर २०२४ ला इस्रायलने बारा महिन्यांत पॅलेस्टिनी भूमीवरचा ताबा उठवावा या ठरावाला १२४ मतं मिळाली. भारत तिथेही तटस्थ. एका ठिकाणी रशिया दुखावतो, दुसऱ्या ठिकाणी इस्रायल. दोन्हीकडून आपल्याला शस्त्रं येतात, एकाकडून तेलही येतं, आणि ते मी हलकं मानत नाही. गॅसच्या टाकीचा भाव वाढला की काय होतं हे सगळ्या घरांना माहीत आहे. पण मी निर्बंध लादा म्हणत नाही, तेल बंद करा म्हणत नाही, कुणाशी मैत्री तोडा म्हणत नाही. अमेरिकेने स्टालिनच्या खांद्याला खांदा लावून महायुद्ध लढलं आणि बाल्टिक देशांचा ताबा तरीही मानला नाही. व्यापार आणि मान्यता वेगळ्या ठेवता येतात.

सार्वभौमत्व आणि प्रादेशिक अखंडतेचा आदर करा, असं आपले प्रतिनिधी प्रत्येक भाषणात म्हणतात. ते वाक्य भाषणातच राहतं, मतदानात उतरत नाही. उद्या बीजिंग किंवा इस्लामाबादने जगासमोर म्हटलं, की साठ-सत्तर वर्षं आमच्याकडे आहे, वस्तुस्थिती मान्य करा, तेव्हा आपण कुठल्या ठरावावर बोट ठेवणार? ज्यावर आपण तटस्थ होतो त्यावर?

२०२८-२९ साठी सुरक्षा परिषदेच्या अस्थायी जागेवर भारताची उमेदवारी जाहीर झालेली आहे. नामिबियात ज्या देशाचा सेनापती होता, ज्याने १९४६ मध्ये सगळ्यांच्या आधी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, त्या देशाने ही जागा मागताना बळाने झालेलं विलीनीकरण आपण मानतो की नाही हे सांगायला हवं. हा प्रश्न विचारायला दिल्लीला जायची गरज नाही. पुण्यातून लोकसभेत आणि राज्यसभेत गेलेल्या सदस्यांना तो लेखी स्वरूपात मांडता येतो: ३० सप्टेंबर २०२२ रोजी जाहीर झालेलं युक्रेनच्या चार प्रांतांचं विलीनीकरण भारत सरकारला मान्य आहे का, आणि वेस्ट बँकचा काही भाग उद्या इस्रायलने आपल्यात सामील केला तर ते मान्य असेल का? परराष्ट्र मंत्रालयाने दोन्ही प्रश्नांना हो किंवा नाही एवढंच उत्तर द्यावं, आणि पुढच्या ठरावावर त्याप्रमाणे मत द्यावं.